नागपूरच्या रडारवरून ढगातला बर्फ किती, हे काढता येतं का?

तुमचा प्रश्न असा: नागपूरच्या डॉप्लर रडारवर १०० किमी अंतरावर, ७ किमी उंचीला २५ डीबीझेड (प्रतिध्वनीच्या ताकदीचं लॉगरिदमिक माप) दिसतंय. पावसाचं सूत्र लावलं तर तासाला १.३ मिमी येतं, बर्फाचं लावलं तर ०.४६. खरं कोणतं?

दोन्ही नाही. उत्तर ०.९ मिमीच्या आसपास यायला हवं.

रडार समोर पाणीच आहे असं धरून आकडा देतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक गुणक (रडारची लहर परतवण्याची पदार्थाची क्षमता) ०.९३, तर बर्फाचा जेमतेम ०.१८; म्हणून तेवढ्याच बर्फाचा प्रतिध्वनी फिका पडतो. बर्फाच्या सूत्रातला झेड (म्हणजे डीबीझेडमागचा साधा आकडा) मात्र कण वितळून थेंब झाले तर त्यांचा जो व्यास असेल, त्यावरून काढलेला असतो. त्यामुळे सूत्रात घालण्याआधी रडारच्या आकड्यात ६.५ डीबी मिळवावे लागतात. बहुतेकांची चूक इथेच होते आणि उत्तर निम्म्यावर येतं.

तुमचंच गणित घेऊ. २५ डीबीझेड म्हणजे ३१६. त्याला ०.२२४ ने भागा (६.५ डीबी मिळवणं म्हणजे हेच), सुमारे १४१० येतील. आता झेड = १७८० × (आर चा २.२१ घात) हे बर्फाचं सूत्र, ज्यात आर म्हणजे तासाला पडणारं पाणी, उलटं सोडवा: आर ०.९ मिमी प्रति तास. हे वितळल्यावरचं पाणी आहे, साचलेल्या हिमाची जाडी नव्हे. ढगातला बर्फ हवा असेल तर याला कणांच्या पडण्याच्या वेगाने भागायचं. हिमकण सेकंदाला साधारण १ मीटरने पडतात, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.२५ ग्रॅम. यात दुपटीचा फरक सहज पडतो, कारण कण सुटे स्फटिक आहेत की एकमेकांना चिकटलेले, हे डीबीझेड सांगत नाही. शिवाय १ अंशाचा किरण १०० किमीवर पावणेदोन किमी जाड होतो. तुमचे '७ किमी' म्हणजे त्या जाडीची सरासरी.

गोठणपातळी, म्हणजे तापमान शून्य अंश होतं ती उंची, आधी बघा. नागपूरच्या सोनेगावहून सोडलेल्या हवामान फुग्याच्या नोंदीत ती मिळते. पावसाळ्यात ती ५ किमीच्या आसपास असते. फुग्याची उंची समुद्रसपाटीपासूनची असते, रडारची बऱ्याचदा अँटेनापासूनची. नागपूरसाठी हा फरक ३०० मीटरचा, तो जुळवून घ्या. त्या पातळीखालच्या काहीशे मीटरच्या थरात वितळणारे कण ओले होऊन ५-१० डीबी जास्त चमकतात. तिथे कोणतंच सूत्र लावू नका. ०.५ अंशाचा किरण २०० किमीवर ४.१ किमी उंच असतो आणि त्याची वरची कड ५.८ किमीला टेकते, म्हणजे लांबच्या 'पावसात' हा थर मिसळलेला असतो.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काटोल-नरखेडच्या संत्रा बागांवर येणारे ५५ डीबीझेडचे ढग वेगळेच. ओल्या गारांना हिमाचं सूत्र लागूच होत नाही. तिथे ४५ डीबीझेड गोठणपातळीच्या वर किती उंच पोचलंय ते पाहा; १.४ किमीहून जास्त असेल तर गारांची शंका घ्यावी.

विरळ तंतुमेघांचा (उंचावरच्या पातळ, तंतूंसारख्या ढगांचा) बर्फ या १० सेमी तरंगलांबीच्या रडारला बहुतेक दिसत नाही. व्यास निम्मा झाला की प्रतिध्वनी ६४ पटींनी घटतो. त्यासाठी ९४ गिगाहर्ट्झचं, म्हणजे खूप लहान तरंगलांबीचं रडार लागतं; ते उपग्रहांवर असतं: २००६ चा क्लाउडसॅट, आता मे २०२४ मध्ये अवकाशात गेलेला अर्थकेअर. मात्र जोराच्या पावसात त्यांचा संकेत विरून जातो.

आणि आकडा चित्राच्या रंगावरून वाचत असाल, तर रंगाच्या टप्प्याची दोन्ही टोकं घालून दोन उत्तरं काढा. ३ डीबीच्या फरकाने आर सुमारे ३७ टक्के बदलतो.