‘परत पिणारच असतील, तर पैसे कशाला घालायचे?’

व्यसनमुक्तीचं काम करताना हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी आई विचारते, कधी भाऊ. या वेळी विचारणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातल्या होत्या. त्यांची आणि त्यांच्या मालकांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

ताई एकट्याच आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घालून ठेवलेल्या पावत्या. तीन वर्षांत तीन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात भरती. पहिल्या वेळी पंचवीस हजार, दुसऱ्या वेळी चाळीस, तिसऱ्या वेळी बत्तीस.

“पहिल्यांदा गाय विकली. दुसऱ्यांदा आत्याबाईंच्या पाटल्या गहाण टाकल्या. तिसऱ्यांदा बचत गटाचं कर्ज काढलं, ते अजून फेडतीय. आता दीर म्हणत्यात, मी पैसं देतो, चौथ्यांदा न्या. मला सांगा म्याडम, परत पिणारच असतील तर पैसं कशाला घालायचं? त्यापेक्षा पोरीच्या नावावर टाकते.”

मी लगेच उत्तर दिलं नाही. पूर्वी दिलं असतं. कामाला लागले तेव्हा ‘आशा सोडू नका, पुन्हा भरती करा’ असं मी सांगायचे, माणूस केंद्रात पोहोचला की फाइल बंद करायचे आणि माझं काम झालं असं समजायचे. त्या सल्ल्यापायी काही घरांचं सोनं मोडलं असेल, याची मला आजही खंत आहे.

आम्ही पावत्या टेबलावर मांडल्या. ताईंचे मालक, म्हणजे दादा, केंद्रातून घरी आले ते एकदा जूनमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मेमध्ये. “आणि परत सुरू कधी झालं?” ताईंनी बोटं मोजली. दिवाळी झाल्यावर. तिन्ही वेळा नोव्हेंबर-डिसेंबरात.

दादा ट्रॅक्टर चालवतात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या घेऊन कारखान्यावर जातात आणि वजनकाट्याला नंबर लागेपर्यंत रात्र रात्र थांबतात. थंडी असते, झोप अर्धवट होते, खिशात उचलीचे पैसे असतात आणि शेजारच्या ट्रॅक्टरवरचा मित्र बाटली काढतो. तिन्ही वेळचा पहिला घोट त्या रांगेतच घेतला होता.

पावत्यांमधून आणखी एक गोष्ट दिसत होती, ती ताईंना कुणी दाखवली नव्हती. तीन वर्षांतले सोळा-सतरा महिने हा माणूस दारूशिवाय राहिला होता. घरात मात्र ‘तिन्ही वेळा पैसे बुडाले’ एवढाच हिशेब होता. मी तो सोळा महिन्यांचा आकडा कागदावर लिहिला, तशा त्या बराच वेळ त्याकडे बघत बसल्या. “त्या महिन्यांत पोरीला शाळेत सोडायला जायचे ओ,” म्हणाल्या.

दारूचं अवलंबित्व हा वारंवार उलटणारा आजार आहे. मधुमेहाची साखर वाढली म्हणून कुणी ‘गेल्या वर्षीच्या गोळ्या फुकट गेल्या’ म्हणत नाही. महिनाभराच्या भरतीत शरीरातली दारू उतरते, झोप-भूक परत येते, डोकं जरा स्वच्छ होतं. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते आणि ती वर्षभर तरी चालते. या घराने ९७ हजार रुपये तीन भरत्यांवर खर्च केले होते आणि त्या वर्षभरासाठी एक रुपयाही ठेवलेला नव्हता. तिन्ही केंद्रांनी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी दिली, पण घरी एकही फोन केला नाही. एका केंद्रातून तर दादा पाठीवर वळ घेऊन आले होते.

म्हणून ताईंना म्हटलं, पैसे घालायचे की नाही हे आत्ता बाजूला ठेवू. कशावर घालायचे ते आधी बघू.

पहिल्या काही दिवसांसाठी मी जी गोष्ट बजावून सांगते, ती इथेही सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नका. ताईंनी एकदा ते केलं होतं. दुसऱ्या दिवशी दादांना फिट आली. हात थरथरणं काही तासांतच सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो. त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊनच हे पार पाडायचं असतं. त्यासाठी महागडं केंद्रच लागतं असंही नाही. चौथ्या वेळी दादा जिल्हा रुग्णालयात आठ दिवस राहिले. ताईंचा खर्च झाला तो एसटीचा आणि डब्याचा.

तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दादांशी निवांत बोलून घेतलं, तेव्हा कळलं की मोठा भाऊ गेल्यापासून त्यांना पहाटे तीनला जाग येत होती, जेवण जात नव्हतं, ‘आपणही संपावं’ असे विचार येत होते. चार वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. नैराश्याचे उपचार आणि दारूचे उपचार एकत्र सुरू झाले. मानसिक आजार एका दारात आणि व्यसन दुसऱ्या दारात अशी विभागणी आपण करून ठेवली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ती करत नाही. आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या अवस्था त्यात धरल्या आहेत आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळणं हा हक्क मानला आहे.

घरी आल्यावर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक येतं त्या ठरलेल्या दिवशी, तपासणी सुरू झाली. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. औषधं मोफत. तिसऱ्या महिन्यात नैराश्याची गोळी संपली. फार्मासिस्ट म्हणाले, पुढच्या खेपेला या. ताईंनी बाहेरून आठ दिवसांच्या गोळ्या घेतल्या, मग हात आखडला. दादा पुन्हा पहाटे तीनला उठू लागले. ताईंनी मला फोन केला तो रडतच.

त्या दिवशी मला फार राग आला, पण तो काढायचा कुणावर? फार्मासिस्टच्या हातात काही नव्हतं. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय ठेवला आणि साठा येईपर्यंत लागणाऱ्या गोळ्या समितीच्या निधीतून स्थानिक पातळीवर घेण्याचं ठरलं. अशा समितीत स्थानिक लोकप्रतिनिधी बसतात, निधीही असतो. त्यातून खुर्च्या येतात, रंगरंगोटी होते. मानसिक आजाराच्या गोळ्यांचा विषय तिथे निघत नाही, कारण ज्यांना त्या लागतात ते आणि त्यांच्या घरचे लाजेने बोलत नाहीत. इथे बोलायला ताई आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, बैठकीच्या दारात उभ्या राहून.

आमच्या संस्थेचीही तीच रड आहे. एका कंपनीने सामाजिक दायित्वाच्या निधीतून मदत देऊ केली होती. त्यांना वीस खाटांचं केंद्र बांधून हवं होतं, दर्शनी भिंतीवर पाटीसह. मी म्हटलं, खाटा नकोत, दोन समुपदेशकांचे पगार आणि गावोगाव फिरायला दुचाकीचं पेट्रोल द्या, तीन वर्षं. ते म्हणाले, यात दाखवण्यासारखं काही नाही. घरी जाऊन ओट्यावर बसून ‘या आठवड्यात काय झालं?’ विचारणं फोटोत येत नाही, हे खरंच आहे. पण दादांची तिन्ही भरतींनंतर घसरण झाली ती असं विचारणारं कुणी नव्हतं म्हणूनच. शेवटी एका समुपदेशकाचा दीड वर्षाचा पगार गावातल्या आणि पुण्या-मुंबईत गेलेल्या लोकांच्या छोट्या देणग्यांतून उभा राहिला. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हाही पु. ल. देशपांडे यांची देणगी पाठीशी होती. समाजाने अशा कामाला पैसे देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती खाटेच्या पुढे, माणसाच्या घरापर्यंत जायला हवी.

पैशाबद्दल सर्वांत वेगळा धडा मला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या गटाच्या, सभासदांनी दिला. शाळेच्या एका खोलीत त्यांची आठवड्याची मीटिंग सुरू व्हावी म्हणून मी सरपंचांना भेटले. ते उत्साहाने म्हणाले, खोली फुकट, वर ग्रामपंचायतीकडून चहापाणीही देऊ. गटातले एक बुजुर्ग, अठरा वर्षं दारूपासून दूर असलेले, हात जोडून म्हणाले, “चहा नको, आणि खोलीचं भाडं आम्ही देणार.” बाहेरची देणगी घ्यायची नाही, आपला खर्च आपण भागवायचा, ही त्यांची परंपरा. मीटिंगच्या शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस टाकतो, नसेल तो पिशवी पुढे देतो. दादांनी पहिल्यांदा त्यात दहाची नोट टाकली ते ताईंनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा ताठपणा ऐकला. दारूपायी देणेकरी झालेला माणूस कशासाठी तरी स्वतःच्या खिशातून देत होता.

ताईंसाठीही काही हवं होतं. पिणाऱ्याच्या बायकोला आपण ‘सांभाळून घे’ एवढंच सांगतो. आमच्याकडे महिन्यातून एकदा सहा-सात बायका बसतात. तिथे ताई चार गोष्टी शिकल्या: पिऊन आल्यावर वाद घालायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी स्पष्ट बोलायचं, त्यांची उधारी आपण फेडायची नाही, मारलं तर गप्प बसायचं नाही. पैसे पोरीच्या नावावर टाकण्याचा त्यांचा विचार मला पहिल्या दिवसापासून पटला होता. तो त्यांनी अमलात आणला आणि मी त्यांना त्यापासून कधीही परावृत्त केलं नाही.

तो दीर, चौथ्या भरतीचे पैसे देऊ म्हणणारा, एकदा वहिनींना सोडायला आला आणि दाराशी रेंगाळला. “मी आपला शनिवार-रविवारच घेतो,” म्हणाला. मी दहा प्रश्नांची चाचणी घेतली. अवलंबित्व नव्हतं, पण पिणं घातक पातळीवर गेलं होतं. अशा माणसांसाठी गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत तपासून पाहिली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. एक ते चार बैठका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी अशा बैठका मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचं पिणं घातक पातळीखाली आलं होतं. नेहमीच्या उपचारांपुरते राहिलेल्यांत ते प्रमाण २६ टक्के होतं. दिराबरोबर मी चार वेळा बसले. हंगामात पगाराच्या दिवशी पैसे थेट बायकोच्या खात्यावर टाकायचे, हे त्यानेच सुचवलं.

एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात आणि १८० पैकी एकालाच भरती होऊन, असं त्यात म्हटलं आहे. राज्याच्या तिजोरीत दारूवरच्या उत्पादन शुल्कातून दरवर्षी हजारो कोटी येतात. त्यातला ठरलेला वाटा तालुक्याच्या रुग्णालयात बसणाऱ्या समुपदेशकावर, गोळ्यांच्या साठ्यावर आणि आशाताईंना या कामासाठी वेगळा मोबदला देण्यावर खर्च व्हावा, ही माझी मागणी आहे आणि संधी मिळेल त्या प्रत्येक बैठकीत मी ती मांडते.

तुमच्या घरात हाच प्रश्न असेल, तर कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी विचारा: केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, आणि घरी सोडल्यावर पुढचे बारा महिने कोण, किती वेळा संपर्क करणार? शेवटच्या प्रश्नाला गडबडून उत्तर आलं तर पिशवी उचला आणि आधी सरकारी रुग्णालयात जाऊन या. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे.

दादांचा मागचा हंगाम सरळ गेला नाही. जानेवारीत रांगेत दोन रात्री प्यायले. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दिराच्या ताब्यात देऊन ते स्वतःच शाळेच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पूर्वी ही घसरण महिनोन्‌महिने चालायची. भरती लागली नाही. ताईंनी मला कळवलं ते फोनवर एका वाक्यात, “दोन दिवस बिघडलं होतं, आता मीटिंगला गेल्यात.”

गटाने यंदा हंगामापुरती मीटिंगची वेळ बदलली आहे. रात्री आठऐवजी दुपारी चार, म्हणजे ट्रॉल्या भरून काट्याकडे निघण्याआधी ड्रायव्हर येऊ शकतील. मागच्या गुरुवारी शाळेच्या आवारात चार ट्रॅक्टर उभे होते.