एका मणक्यावरून समुद्री सरीसृपाची लांबी कशी काढतात? मोसासॉर खरंच 17 मीटरचा होता का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या एका प्रदर्शनात मोसासॉर 17 मीटरचा दाखवला होता, इतरत्र 12 वाचलं, आणि एका हाडावरून हे सगळं कसं सांगतात ते कळत नाही.

17 चुकीचं आहे. तो मोजलेला आकडा नाही, नुसता गुणाकार आहे. या एका गुणाकारावरून मी बऱ्याच जणांशी भांडलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रशियात पेन्झाला 1927 मध्ये मोसासॉरस हॉफमनी या मोसासॉरच्या जातीच्या डोक्याचे तुकडे सापडले. खालचा जबडा भरला 171 सेंटिमीटर. जीवाश्मतज्ज्ञ डेल रसेल यांनी 1967 मध्ये लिहून ठेवलं होतं की या प्राण्याचा जबडा अंगाच्या लांबीचा दहावा हिस्सा असतो. दहाने गुणलं, 17.1 मीटर झाले. पण हॉफमनीचा नाकापासून शेपटीपर्यंत अखंड सांगाडा रसेल यांच्यासमोर नव्हताच. त्याच्या जवळच्या जातींचे जे बऱ्यापैकी पूर्ण सांगाडे आहेत, त्यांवरून जबडा सातवा हिस्सा धरावा लागतो. म्हणजे 12 मीटर, आपल्या एसटीच्या शिवाईएवढा. फरक पाचच मीटरचा दिसतो, पण वजन लांबीच्या घनात वाढतं. 17 मीटरचा प्राणी 12 मीटरच्या जवळजवळ तिप्पट जड निघेल. म्हणून 'पाच मीटर इकडेतिकडे चालतं' हे मला मान्य नाही.

आता एकट्या मणक्याचं. तो अंगातला कुठला, हे आधी ठरवायचं, कॅलिपर, म्हणजे मोजायचं साधन, नंतर. प्लायोसॉरच्या, म्हणजे आखूड मानेच्या नि मोठ्या डोक्याच्या समुद्री सरीसृपाच्या, मानेच्या मणक्यात बरगडी थेट मणक्याच्या मुख्य गोल भागाला टेकते. पाठीच्या मणक्यात ती वरच्या कमानीच्या आडव्या फाट्याला टेकते. दोन्हींच्या मधल्या मणक्यांत टेकण्याची जागा गोल भाग आणि कमान यांच्या सांध्यावर असते, अर्धी खाली, अर्धी वर. ही खूण झिजली असेल तर लांबी सांगायच्या भानगडीत पडू नका.

समजा, तुमचा मणका 110 मिलिमीटर लांब आहे. पूर्ण सांगाडा असलेला नातेवाईक 6 मीटरचा, त्याचा त्याच जागचा मणका 80 मिलिमीटर. तुमचा प्राणी 8.25 मीटर झाला. आता जागा ओळखण्यात चूक झाली आणि तुम्ही त्याच्या 65 मिलिमीटरच्या मणक्याशी तुलना केलीत, तर तेच हाड 10.15 मीटर सांगेल. दाबला गेलेला मणका याहून फसवा. थरांच्या ओझ्याखाली तो चपटा होऊन रुंद दिसतो. डावी-उजवी बाजू जुळते का ते बघा, आणि एकट्या रुंदीवर कधीही विसंबू नका. वरची कमान मुख्य भागाशी घट्ट जुळली नसेल तर प्राणी बहुधा पूर्ण वाढलेला नव्हता, हेही लक्षात ठेवा.

पूर्ण सांगाडा उभा दिसला की प्रश्न मिटला, असंही नाही. हार्वर्डच्या मंडळींनी 1931-32 च्या मोहिमेत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून क्रोनोसॉरस हा प्लायोसॉर नेला. 1959 मध्ये तो उभा करून मांडला, 12.8 मीटर. बराचसा भाग प्लास्टरचा. पाठीच्या कण्यात मणके जास्तीचे बसवले गेले आणि प्राणी लांबला. आज तो 10 मीटरच्या आसपास धरतात. मधली कितीतरी वर्षं पुस्तकांत 12.8 छापलं गेलं, कारण डोळ्यांसमोर उभा असलेला सांगाडा खोटा कोण म्हणणार? लिओप्लुरोडॉन या दुसऱ्या प्लायोसॉरचं तर विचारूच नका. 1999 मध्ये बीबीसीने टीव्हीवर तो 25 मीटरचा दाखवला, मेट्रोच्या डब्याहून लांब. प्रत्यक्षात 6-7 मीटर.

स्वतः करून बघायचं असेल तर मंगळवारी बाजारातून अखंड रोहू मासा आणा. डोक्याच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजून लिहून ठेवा. गंजात मंद आचेवर शिजवा. खळखळ उकळी आली तर मणके सुटे होऊन क्रम जातो. मांस काढा, मणके ओळीने दोऱ्यात ओवा, दोन दिवस सावलीत वाळवा. डोक्यामागचे पहिले काही मणके वेगळ्याच आकाराचे असतात, ते बाजूला ठेवा, पण त्यांची लांबी मोजून हिशोबात धरा. उरलेले एकमेकांना टेकवून मांडले की रांग आखूड भरते, कारण मधला मऊ भाग गेलेला असतो. इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा समुद्री सरीसृप, त्याचे मणकेही रोहूच्या मणक्यांसारखेच दोन्ही बाजूंनी खोलगट असतात. ही जागा किती धरायची, यावरच अर्धा हिशोब अवलंबून असतो. मग मधला एक मणका मित्राच्या हातात द्या आणि मासा केवढा होता ते विचारा.

एक गोष्ट मात्र कबूल करतो: मोठे आकडे सगळेच खोटे नसतात. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या जबड्याच्या हाडांवरून 2024 मध्ये एका इक्थिओसॉरला इक्थिओटायटन नाव दिलं, अंदाज 25 मीटर. तिथेही गुणाकारच आहे, पण ताडून बघायला कॅनडातला इक्थिओसॉरचा 21 मीटरचा मोठा सांगाडा आहे आणि जबड्याचं हाडच दोन मीटरहून मोठं. मोसासॉरच्या 'दहा'मागे असं काही नाही. आणि हाडं शोधायची असतील तर विदर्भातल्या टाकळी-पिसदुऱ्याला नका जाऊ, तिथले थर जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या जीवांचे. आपल्याकडचा नामांकित इक्थिओसॉर कच्छच्या लोडाईचा, 2017 मध्ये जाहीर झालेला, साधारण साडेपाच मीटरचा.