लंडनबाहेर राहून रोज रेल्वेने ये-जा करणे खरोखरच इतके त्रासाचे असते का?

लंडनमध्ये नोकरी लागली आहे, तिथले घरभाडे परवडणारे नाही म्हणून बाहेरच्या एखाद्या गावात राहण्याचा विचार आहे, पण ब्रिटनच्या रेल्वेविषयी सगळे इतके वैतागलेले का असतात, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे अशीच ये-जा करतो. माझ्या मते गाडीला उशीर होणे हे मुख्य दुखणे नव्हे. त्या उशिराचा जाब कोणाला विचारायचा हे कळत नाही आणि खरी माहिती हाती येईपर्यंत दुसरा मार्ग धरायची वेळ टळून गेलेली असते, याने माणूस पिचतो.

याचे मूळ १९९३ च्या रेल्वे कायद्यात आहे. त्यानंतर ब्रिटिश रेल या सरकारी रेल्वेचे तुकडे झाले: रूळ आणि सिग्नल एकाकडे गेले, गाड्या चालवण्याचे काम अनेक कंपन्यांकडे गेले आणि गाड्यांची मालकी त्या भाड्याने देणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांकडे गेली. आजही तीन मिनिटे वा अधिक खोळंबा झाला की तो कोणाच्या नावावर मांडायचा हे ठरवले जाते. मे २०१८ मध्ये नवे वेळापत्रक लागू झाले तेव्हा याची किंमत प्रवाशांनी मोजली. विद्युतीकरणाची कामे रखडली, वेळापत्रक ऐनवेळी बदलावे लागले, चालकांच्या प्रशिक्षणाला वेळ उरला नाही, आणि थेम्सलिंक व नॉर्दर्न या रेल्वेसेवांच्या गाड्या आठवडेच्या आठवडे रद्द होत राहिल्या. त्यानंतर रेल्वे नियामकाने केलेल्या चौकशीचा निष्कर्ष हाच होता, की सूत्रे कोणीच हाती घेतली नव्हती.

रोजच्या प्रवासात हे असे दिसते. संध्याकाळी लंडनच्या मोठ्या स्थानकात शेकडो माणसे माना वर करून फलकाकडे पाहत उभी असतात, कारण फलाट क्रमांक अनेकदा गाडी सुटायच्या जेमतेम काही मिनिटे आधी लागतो. तो लागताच सगळा लोंढा एकाच फाटकाकडे धावतो, आणि बाराऐवजी आठच डब्यांची गाडी असेल, तर फलाटाच्या टोकापर्यंत गेलेले लोक मागे पळत येऊन दारात अंग चोरून उभे राहतात. माझ्या मार्गावर चालक नसल्यामुळे गाडी रद्द झाल्याची सूचना कित्येकदा ती सुटण्याच्या वेळेलाच लागते. चालक नाही हे कंपनीला तोवर ठाऊक नसते, यावर माझा विश्वास नाही. दहा मिनिटे आधी कळले असते, तर पाळणाघरातून मुलाला आणायला निघालेल्या आईला निदान कोणाला तरी फोन करता आला असता. म्हणून मला याचा मनापासून राग येतो.

पानगळीत रुळांवर पडलेल्या पानांमुळे गाड्या रखडतात, याची पुष्कळ थट्टा होते; मला ती योग्य वाटत नाही. चाकांखाली चिरडलेल्या पानांचा निसरडा थर रुळावर बसतो, ब्रेक नीट धरत नाहीत, म्हणून चालकाला आधीपासूनच वेग कमी करावा लागतो. तो उशीर सुरक्षेसाठी असतो. रविवारी रूळ-सिग्नलच्या कामांसाठी गाड्या बंद ठेवतात त्याचेही तसेच, आणि मेगाब्लॉक पाहिलेल्या मुंबईकराला ते नवे नाही.

भाड्याच्या बाबतीत मात्र माझी तक्रार कायम आहे. वार्षिक पासाला साप्ताहिक पासाच्या ४० पट पैसे पडतात, लंडनबाहेरच्या पुष्कळ गावांहून ही रक्कम काही हजार पौंडांच्या घरात जाते, आणि तरीही बसायला जागा मिळेलच असे नाही. एकाच प्रवासाची मधल्या स्थानकापर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरे अशी दोन तिकिटे काढली, तर कधी कधी ती सरळ तिकिटापेक्षा स्वस्त पडतात. अट एवढीच, की गाडी त्या स्थानकावर थांबली पाहिजे. ज्याला ही मेख माहीत आहे त्याने कमी द्यावे आणि बाकीच्यांनी जास्त, हे सार्वजनिक सेवेला शोभत नाही. उशिराची भरपाई मिळते, पण सहसा प्रत्येक वेळी २८ दिवसांच्या आत आपणच अर्ज करावा लागतो.

मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे ही गाड्या चालवणारी कंपनी सरकारी मालकीत आली, त्यानंतर इतर कंपन्याही येत आहेत, आणि रूळ व गाड्या ग्रेट ब्रिटिश रेल्वेज या एकाच संस्थेखाली आणण्याची योजना आहे. निदान जाब विचारायला एक दार असेल, म्हणून मी या बदलाच्या बाजूने आहे.

आपण गाव निवडताना लंडनला जाणारे दोन वेगवेगळे मार्ग जवळ असतील असे पाहा. आठवड्यातून दोनतीन दिवसच कार्यालयात जायचे असेल, तर वार्षिक पास न काढता २८ दिवसांत कोणतेही आठ दिवस चालणारा फ्लेक्सी पास आणि सुटी तिकिटे यांचा हिशेब आधी करा.