तर्काने आणि पुराव्याने देव मानणं योग्य ठरवता येतं का?

माझं उत्तर आधीच सांगतो, नाही येत. तर्काने फार फार तर "जगाला कोणीतरी कर्ता असावा" इथपर्यंत जाता येतं आणि तेही डळमळीतच, पण ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, जो ऐकतो, पावतो, कोपतो, त्या देवापर्यंत तर्क पोचत नाही. आणि जो पावतो म्हणतात त्याची तपासणी करता येते, ती केली की हाती काही लागत नाही. तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो "देव नाही हे तूच सिद्ध करून दाखव", त्याच्यावर शेवटी येतो.

हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच नास्तिक लेखक रिचर्ड डॉकिन्स आणि बिग बँग सुरू होतं, मग समोरचा म्हणतो ही सगळी परदेशी खुळं आहेत. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हा वाद इथे हजार वर्षांपूर्वी इतका कसून झालाय की आजच्या फेसबुकवरच्या भांडणातला जवळपास प्रत्येक मुद्दा तिथे सापडतो, आणि आपल्याला शाळेत त्यातलं एक अक्षर शिकवत नाहीत.

मिथिलेचे उदयनाचार्य घ्या, दहाव्या-अकराव्या शतकातले नैयायिक, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्याय दर्शनाचे पंडित. त्यांचा न्यायकुसुमांजली हा ग्रंथच मुळी देव तर्काने सिद्ध करण्यासाठी आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला मुद्दा असा, की घडा बनवलेली वस्तू आहे म्हणून त्याला कुंभार लागतो, तशी पृथ्वी, डोंगर, बीजातून येणारा कोंब हीसुद्धा कार्यं, म्हणजे निर्माण झालेल्या गोष्टी, आहेत, मग त्यांनाही कर्ता हवा, आणि एवढं सगळं करणारा म्हणजे तो सर्वज्ञच असणार. (व्हॉट्सअ‍ॅपवर "घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच" असं फिरतं ना, ते इंग्लंडच्या विल्यम पेलीचं, पण सांगाडा हाच.) नैयायिकांना हा खटाटोप करणं भागच होतं. वेद प्रमाण का, तर ते देवाने सांगितले म्हणून, असं त्यांचं मत होतं, मग परत देव आहे कशावरून तर वेदात लिहिलंय म्हणून असं म्हटलं असतं तर गोल गोल फिरणं झालं असतं. उदयनांची एक आख्यायिका आहे, जगन्नाथपुरीला देवळाची दारं बंद दिसली तेव्हा ते देवाला म्हणाले की ऐश्वर्याच्या मदात मला हिणवतोस, पण कर्ता देव न मानणारे बौद्ध परत आले की तुझं असणं माझ्याच हातात आहे. आख्यायिकाच आहे ती, पण तर्काने देव सिद्ध करायचा म्हटलं की काय होतं हे तिच्यात अगदी बरोबर पकडलंय, देव तर्क करणाऱ्याच्या भरवशावर जाऊन बसतो.

आता याच्यावरचे आक्षेप बघा. सातव्या शतकातले बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती यांनी आधीच विचारून ठेवलं होतं की मातीचा घडा कुंभार करतो म्हणून मातीचं सगळंच कुंभाराने केलं म्हणायचं असेल तर वारूळ पण कुंभारानेच केलं म्हणा! धूर दिसला की आग आहे असं आपण म्हणतो कारण चुलीपाशी दोन्ही एकत्र पाहिलेलं असतं, घडा करणारा कुंभार पण पाहिलेला असतो, पण डोंगर करताना कोणाला कोणी पाहिलंय? कुमारिल भट्ट तर कट्टर वेदनिष्ठ माणूस, यज्ञयाग मानणारा, पण जगाचा कर्ता वगैरे त्यांना मान्य नाही. ते म्हणतात, जग निर्माण होताना बघायला कोण होतं, आणि समजा कर्त्याने स्वतःच नंतर सांगितलं की हे मी केलं, तरी काय खात्री, आपला मोठेपणा दाखवायला न करता सुद्धा तो तसं म्हणेल.

पण मला सगळ्यात जास्त भावतात ते रामानुजाचार्य, कारण ते स्वतः विष्णूचे निस्सीम भक्त. श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या टीकेत, त्यांनी देवाबद्दलचं हे अनुमान स्वतःच्या हाताने मोडून काढलंय. त्यांचा रोख असा की डोंगर, समुद्र, पृथ्वी हे सगळं एकाच वेळी एकानेच केलं हे कशावरून, मोठमोठे वाडे तर अनेक जण मिळून बांधतात. शिवाय आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी असतो, त्याचं ज्ञान आणि ताकद मर्यादित असते, मग कुंभारावरून अनुमान केलंत तर मिळेल तो देवही तसाच मर्यादित मिळेल. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात जवळपास हेच लिहिलं आणि जगभर नाव झालं. रामानुजांचा निष्कर्ष अर्थात वेगळा आहे, देव शास्त्रातूनच कळतो, अनुमानाने नाही. मला तो पटत नाही, कारण मग कुठलं शास्त्र हा प्रश्न उरतोच, कुराण का नाही, बायबल का नाही, पण त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. आजकाल विश्वातले स्थिरांक (गुरुत्वाकर्षणाची ताकद ठरवणारे वगैरे ठरलेले आकडे) जीवसृष्टीसाठी कसे अचूक जुळलेत असा मुद्दा येतो, त्यालाही हेच लागू पडतं, अगदी पूर्ण मान्य केला तरी त्यातून विठ्ठल निघत नाही.

आता पुरावा. लोक म्हणतात देव पुराव्याचा विषयच नाही, पण २१ सप्टेंबर १९९५ आठवा, देशभर गणपती दूध पितोय म्हणून रांगा लागल्या होत्या, तेव्हा प्रत्येक जण "स्वतःच्या डोळ्यांनी बघा" म्हणत होता, म्हणजे पुरावा आपल्या बाजूचा वाटला की चालतो. सरकारी शास्त्रज्ञांनी दिल्लीत दुधात रंग मिसळून दाखवलं, दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळत होतं, पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जात होतं. नवसाचंही तेच. ज्यांचा नवस पूर्ण होतो ते फेडायला परत येतात, गाजावाजा होतो, ज्यांचा होत नाही ते गप्प घरी बसतात आणि त्यांना कोणीच मोजत नाही. दोघांनाही मोजलं तरच काही कळेल, आणि तसं मोजलं गेलंय. २००६ मध्ये अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, काहींसाठी ख्रिश्चन गटांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपल्यासाठी होतेय का नाही हे माहीत नव्हतं. कॉम्प्लिकेशन्स झाले अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के लोकांना, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला तुमच्यासाठी प्रार्थना होतेय असं पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. यावर कोणी म्हणेल देवाची परीक्षा बघू नये, बरं, मग पास झाल्याचे किस्से पण सांगू नका ना.

साक्षात्काराबद्दल एवढंच म्हणतो, अनुभव खरा असतो, माणूस खोटं बोलत नसतो, पण पंढरपूरच्या माणसाला विठोबा दिसतो आणि पोर्तुगालमधल्या माणसाला मेरी, त्यामुळे त्या अनुभवावरून बाहेर काय आहे ते ठरवता येत नाही.

राहिला तुमचा मित्र. जो आहे म्हणतो त्याने दाखवायचं, पुराव्याचा भार त्याच्यावर, हा कोर्टातला नियम इथेही लागतो. तरी भांडू नका, त्याला आधी विचारा की नेमका कुठला देव, आणि काय घडलं किंवा काय सापडलं तर तू "नाही" म्हणशील. त्याने काहीतरी ठोस सांगितलं तर दोघं मिळून तपासून बघा. आणि "काहीही घडलं तरी मानणारच" म्हणाला तर त्याचं मानणं पुराव्यावर उभंच नाहीये, मग तो का मानतो ते शांतपणे ऐकून घ्या, मला तरी असं ऐकताना त्या माणसाबद्दल बरंच काही कळलंय.