पोल, पोलराइज्ड आणि ध्रुवीकरण

प्रश्न: धाकटा भाऊ साखर कारखान्याच्या लॅबमधे आहे, रोज 'आज पोल एवढा आला' म्हणत असतो. परवा बेळगावात गॉगल घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला पोलराइज्ड घ्या. आणि इलेक्शन आलं की टीव्हीवर ध्रुवीकरण. इंग्लिशमधे म्हणे तिन्हीकडं एकच शब्द. खरं काय हो?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर: पहिली दोन सख्खी भावंडं, तिसरं चुलत.

प्रकाश पुढं जाताना उभा, आडवा, तिरपा असा सगळीकडं थरथरतो, त्यातली एकच दिशा ठेवली की झालं पोलरायझेशन, मराठीत ध्रुवण. ओल्या रस्त्यावरनं डोळ्यात येणारी चकाकी बरीचशी आडवी थरथरते आणि गॉगलची फिल्म फक्त उभी आत सोडते, म्हणून हायवेवर डोळ्याला गार वाटतं.

भावाचा पोल, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, याहून भारी. असला एकदिशी प्रकाश साखरेच्या पाण्यातनं सोडला की त्याची थरथर उजवीकडं वळते, साखर जास्त तेवढं वळण जास्त. २६ ग्रॅम शुद्ध साखरेचं १०० मिलीलिटर द्रावण २० सेंटिमीटरच्या नळीत भरलं की १०० आकडा, असं मापच ठरवलंय, मग रस निवळून गाळून त्याच्याशी ताडून बघायचं. तोडलेला ऊस गाडीत वाळत पडला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, फ्रुक्टोज तर उलटं डावीकडं वळवतं, आणि पोल घसरतो (मग रिकव्हरीवरनं, म्हणजे उसातनं शेकडा किती साखर निघाली त्यावरनं, कोण कुणावर ओरडतं ते तुम्हाला माहीत आहेच).

नाव कसं पडलं बघा. १८०८ मधे पॅरिसला मालुस नावाचा इंजिनियर खिडकीच्या काचेवरचं मावळतीचं ऊन स्फटिकातनं बघत होता, दोन प्रतिमा दिसायच्या, स्फटिक फिरवला की त्यातली एक विझत जायची. त्याला वाटलं प्रकाशकणांना लोहचुंबकासारखे ध्रुव असणार. पुढं कळलं ध्रुव-बिव काही नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

राजकारणात मात्र टोकं दोन लागतात आणि मधली जागा ओस पडावी लागते. आपल्याकडं १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, पण दुसऱ्या दिवशी बाजारात तीच माणसं निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलून भाव पाडायलेत, मग त्याला पुरतं ध्रुवीकरण कसं म्हणायचं? म्हणून मला वाटतं उजेडाला ध्रुवण आणि माणसांना ध्रुवीकरण, हे मराठीनं वेगळं ठेवलंय तेच बरं.

गॉगल घेताना तो डोळ्यासमोर धरून मोबाइलच्या स्क्रीनकडं बघा आणि हळूहळू फिरवा. बऱ्याच मोबाइलवर एका ठिकाणी स्क्रीन काळी पडते. नुसती काळी काच असेल तर कितीही फिरवा, काही होत नाही.