राजवाडा आणि माळवद

सोलापूर

प्रिय मनवा,
अनेक आशीर्वाद.

मी निघण्याच्या आधीच्या रविवारी परदेशातल्या आपल्या मराठी मंडळात सगळे तावातावाने बोलत होते, की रायगडावरचा राजवाडा होता तसा पुन्हा उभारावा आणि त्यासाठी आपण वर्गणी काढावी. घरी परतताना तू विचारलेस, "आई, जिथे आपण राहत नाही, तिथला वाडा बांधायची घाई आपल्यालाच का?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही, आज आजीच्या ओसरीवर बसून लिहिते आहे.

मलाही राजसदर उभी पाहावीशी वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही. दूर गेलेल्या माणसाच्या मनात गाव तो सोडला त्या दिवशीचाच राहतो, आणि परत आल्यावर काही पडलेले दिसले, की आपण नव्हतो म्हणून ते पडले, असे त्याला वाटत राहते. आपल्या घराच्या बाबतीत तर ते खरेच आहे. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून ती चोपावी लागते. आम्ही भावंडे परदेशी गेलो, आजी एकटी पडली, दोन-तीन वर्षे माती टाकायची राहिली आणि मागच्या खणाची तुळई कुजून छत खाली आले. तेव्हा आम्ही फोनवरून काँक्रीटच्या स्लॅबचे पैसे देऊ केले. आजी म्हणाली, "स्लॅब नको, दरवर्षी मातीला माणूस लावून द्या."

काल भुईकोट किल्ल्यात गेले होते. हा किल्ला आणि रायगड, दोन्ही मे १८१८ मध्येच इंग्रजांच्या हाती गेले. रायगडावर तोफांच्या माऱ्याने आग लागली, राजवाड्याचे लाकूडकाम जळाले आणि दगडी जोती तेवढी उरली. जोत्यावरून दालनांची मापे कळतात. त्यावरचे खांब कसे कोरले होते, ते कळत नाही. आज आपण ते कोरले, तर ती आपली कल्पना ठरेल आणि तुझी मुले तिलाच महाराजांचा वाडा समजतील, याची मला फार धास्ती वाटते.

दूर राहून बांधणे आपल्याकडे नवे नाही. इथल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या अहिल्यादेवींनी महेश्वरात राहून १७८० च्या सुमारास काशी विश्वनाथाचे देऊळ बांधले. पण ते नांदते दैवत होते, तिथे रोज पूजा व्हायची होती. रायगडाच्या राजवाड्यात आता कोणी राहायला जाणार नाही. म्हणून वर्गणी जरूर काढावी, पण ती तटात रुजलेली पिंपळाची रोपे काढायला, टाक्यांतला गाळ उपसायला, जोत्यांचे निखळलेले चिरे सावरायला द्यावी, आणि कोणते काम आधी करायचे ते गडाच्या आसपास राहणाऱ्यांना व त्यातल्या जाणकारांना ठरवू द्यावे. मंडळात हे मी उभे राहून सांगणार आहे, कोणाला आवडो न आवडो.

डिसेंबरात तू आलीस, की आपण रायगडावर जाऊ. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी कोरवून घेतलेले शब्द आहेत, "सेवेचे ठायी तत्पर". अक्षरे झिजली आहेत, बोट फिरवून वाचावी लागतील.

तुझी,
आई