तंत्रज्ञानावर नियमित लिहूनही गुगलवरून वाचक का येत नाहीत?

नवे लेख थोडे थांबवा, आधी जुने दुरुस्त करा. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गुगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं मोफत साधन) ‘परफॉर्मन्स’ उघडून शेवटचे 3 महिने निवडा. सरासरी स्थान 8 ते 20, इम्प्रेशन (शोधात लिंक किती वेळा दिसली) भरपूर पण क्लिक नगण्य, असे शोधशब्द बाजूला काढा. त्या लेखांची शीर्षकं लोक टाइप करतात त्याच शब्दांत लिहा. एरर मेसेज असेल तर जसाच्या तसा द्या, कारण लोक तोच कॉपी करून शोधतात. (‘संगणक प्रणाली’सारखे पुस्तकी शब्द टाकून क्वचितच कुणी शोधतं.) उत्तर पहिल्याच परिच्छेदात हवं. यूआरएलला (लेखाच्या वेब पत्त्याला) मात्र हात लावू नका. बदललाच तर 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लावा, नाहीतर जुन्या लिंकवरून येणारा वाचक 404 वर, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ या एररवर, आपटतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर शीर्षक पुन्हा बदलू नका.